नवा आजार आणि पहिलं पान

विचारलेला प्रश्न असा आहे: ‘नवीन आजार आला की पहिला आठवडा पेपरात हाहाकार असतो आणि महिन्याभरात तो आजार पेपरातून गायब होतो. पेपरवाले मुद्दाम घाबरवतात का? आणि वाचणाऱ्याने त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं?’

मी एकतीस वर्षं मराठी दैनिकांत काढली. सुरुवातीची काही जळगावला जिल्हा आवृत्तीत, मग पुण्यात आरोग्याचा बातमीदार म्हणून आणि शेवटची बारा-तेरा वर्षं डेस्कवर. बातमी आणायचं काम मी केलं आहे आणि दुसऱ्याने आणलेल्या बातमीला रात्री अकरा वाजता मथळा द्यायचंही केलं आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

मुद्दाम घाबरवणारे असतात, पण थोडे. बाकीच्यांच्या हातून जे होतं ते संध्याकाळच्या बैठकीत विचारल्या जाणाऱ्या एका साध्या प्रश्नातून होतं: ‘यात नवीन काय?’ बातमीदाराला रोज याचं उत्तर द्यावं लागतं. पहिला रुग्ण नवीन असतो, पहिला मृत्यू नवीन असतो, आजाराचं नाव नवीन असतं. चाळिसावा रुग्ण नवीन नसतो. आजार मात्र चाळिसाव्या रुग्णानंतरच खरा जोर धरतो. पेपर नवेपणाच्या मागे जातो आणि आजार त्याच्या गतीने जातो. या दोघांची गाठ फक्त पहिल्या पंधरा दिवसांत पडते, आणि तुम्हाला दिसतो तो हाहाकार त्या पंधरा दिवसांतला असतो.

२०२५ चा जानेवारी आठवून पाहा. महाराष्ट्रातल्या वाचकाने एका महिन्यात तीन ‘नवे’ आजार वाचले. ६ जानेवारीला बेंगळुरूतल्या दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा संसर्ग झाल्याचं केंद्र सरकारने सांगितलं. त्याच दिवशी सेन्सेक्स बाराशेहून जास्त अंकांनी खाली आला. दुसऱ्या दिवशी पानापानांवर चीनमधला विषाणू भारतात पोहोचल्याचा सूर होता. त्या बाळांनी परदेश प्रवास केलेला नाही आणि हा विषाणू भारतात आधीपासून आहे, ही दोन्ही वाक्यं सरकारच्या त्याच निवेदनात होती. विषाणू ओळखला गेला २००१ मध्ये, नेदरलँड्समध्ये. म्हणजे नवी होती ती तपासणी आणि तिची घोषणा. निवेदनातली ती दोन वाक्यं बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गेली, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी कापला जातो तो शेवटचाच परिच्छेद. बातमी खालून कापायची ही डेस्कवरची जुनी पद्धत आहे. बहुतेक बातम्यांत तिने काही बिघडत नाही. नव्या आजाराच्या बातमीत मात्र धीर देणारी माहिती नेमकी तिथेच बसलेली असते.

त्याच आठवड्यात बुलडाणा जिल्ह्यातून, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून बातमी आली की माणसांचे केस अचानक हातात येतायत, तीन दिवसांत टक्कल पडतंय. त्याला नाव मिळालं ‘टक्कल व्हायरस’. व्हायरस कुणाला सापडला होता? कुणालाच नाही. पाण्याचे नमुने जात होते, बुरशीचा संशय होता, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक यायचं होतं. पण ‘कारण अद्याप कळलेलं नाही’ हा मथळा होत नाही आणि ‘टक्कल व्हायरस’ हा होतो. दोन शब्द, एका कॉलमात बसतात, जिभेवर राहतात. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं सांगितलं. सेलेनियम म्हणजे खाण्यातून पोटात गेलेला घटक. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण तोवर त्या गावांतली पोरं कॉलेजात एकटी बसत होती, सोयरिकी अडत होत्या, केस जाण्याच्या लाजेने माणसं टोपी घालून घरात बसली होती. हे सगळं ‘व्हायरस’ या एका शब्दाने केलं. एप्रिलमध्ये त्याच गावांत काहींची नखं गळायला लागली. आजाराचं मूळ समजायला ती बातमी जास्त महत्त्वाची होती, कारण सेलेनियम जास्त झालं की केसांबरोबर नखंही जातात. जानेवारीतल्या बातमीशेजारी ठेवली तर तिला मिळालेली जागा फार लहान होती.

तिसरा आजार पुण्यातला, जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार. याच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण इथे पेपरांनी चुका केल्या आणि उत्तम कामही केलं, दोन्ही एकाच आठवड्यात.

आधी चूक. ‘जीबीएसची लागण’, ‘जीबीएस विषाणू’ हे शब्द मी स्वतः किती ठिकाणी वाचले याची गणती नाही. जीबीएस हा विषाणू नाही आणि त्याची लागण होत नाही. आधी पोटाचा किंवा श्वासाचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि क्वचित एखाद्याच्या शरीरात तीच प्रतिपिंडं स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर पायातली ताकद जाते. पुण्यात रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. तेव्हा साथ होती त्या सिंहगड रस्त्यावरच्या माणसाला शेजारच्या पांगळ्या झालेल्या रुग्णापासून धोका नव्हता, धोका असलाच तर नळाच्या पाण्यात होता. ‘लागण’ या शब्दाने भीती नळाकडून उचलून शेजाऱ्याकडे नेली.

त्याच बातम्यांत एक साधा हिशेबही नव्हता. जीबीएस जगभर दर लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. पुणे जिल्ह्याची वस्ती कोटीच्या पुढे आहे. म्हणजे कसलीही साथ नसलेल्या वर्षातही इथे शंभर-दोनशे रुग्ण व्हायला हवेत, महिन्याला आठ ते सोळा. हा हिशेब वाचकासमोर ठेवला की दोन गोष्टी एकदम कळतात. हा आजार आकाशातून पडलेला नाही, पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांना तो चांगला माहीत आहे. आणि तरीही एका रस्त्यालगतच्या पाच-सहा गावांत दोन-तीन आठवड्यांत डझनांनी रुग्ण होणं ही खरी, गंभीर साथ आहे, कुणाचा कांगावा नाही. तो हिशेब करायला बातमीदाराला पाच मिनिटं लागतात. पण त्यासाठी आरोग्य खात्याच्या पत्रकापलीकडचा एक फोन करावा लागतो, आणि बातम्यांची स्पर्धा तापलेली असताना तो फोन उद्यावर जातो.

आता उत्तम काम. काही बातमीदारांनी रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी. मग ते तिथल्या विहिरीपर्यंत गेले, पाणी कुठून उपसलं जातं, शुद्धीकरण होतं की नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जातं, हे विचारलं. यातली बरीचशी गावं २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, पण शहराला मिळतं तसं शुद्ध पाणी त्यांच्या नळाला पोहोचलं नव्हतं. ही आरोग्याची बातमी होती आणि नगरविकासाचीही. मला विचाराल तर पुण्यातल्या जीबीएसच्या हजार बातम्यांतून मी हीच निवडीन. इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो आणि तो कोण भरणार, हा प्रश्नही पेपरांनीच लावून धरला. एरवी चार भिंतींत कर्ज काढून निस्तरलेल्या गोष्टीसाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली. म्हणून ‘पेपरवाले सगळे सारखेच’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

शब्दांबद्दल आणखी थोडं. आजाराच्या बातम्यांसाठी मराठी डेस्कवर एक ठरलेली पेटी असते. आजाराचा ‘शिरकाव’ होतो, मग तो ‘डोकं वर काढतो’, ‘विळखा घालतो’, ‘थैमान घालतो’ आणि ‘बळी घेतो’. किल्ल्यात शिरणारा शत्रू, साप, पिशाच आणि नैवेद्य मागणारी देवी, सगळे एका आठवड्यात येऊन जातात. वाचताना हे शब्द आपल्याला दिसतही नाहीत इतके ते गुळगुळीत झालेत, पण त्यांचं काम ते करतात. ‘बळी’ म्हटलं की त्या माणसाने काही करण्यासारखं होतं का, औषध वेळेत मिळालं का, व्हेंटिलेटर रिकामा होता का, हे प्रश्न मिटतात, कारण बळी हा द्यायचाच असतो. मी डेस्कवर असताना ‘बळी’ काढून ‘मृत्यू’ करायचो. जोडाक्षर येतं, शब्द थोडा रुंद होतो, मथळा कधी दुसऱ्या ओळीत जातो, आणि त्यावरून मी रात्री वाद घातले आहेत. वादात मी हरलो तेही दिवस आहेत.

नावाचंही तसंच. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या काळच्या मराठीत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. बोजड आहे, पण गाठी येतात आणि ताप येतो हे नावातच सांगून टाकतं आणि कुणावर आळ घेत नाही. उलट ‘माकडताप’ घ्या. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आला, नंतर सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांदा भागात. नाव ऐकून कुणालाही वाटेल की माकड देतं. देते ती गोचीड. माकड स्वतः त्याने मरतं, आणि मेलेलं माकड म्हणजे गावाला मिळालेली पहिली सूचना असते. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्या बाईला हवी असलेली माहिती म्हणजे अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर अंगावर गोचीड शोधा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. नाव तिला माकडाकडे बघायला लावतं आणि गोचीड तिच्या पायावरच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की नव्या आजाराला गावाचं, माणसाचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नका. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ या नावापायी इजिप्तने देशभरातली डुकरं मारून टाकली होती. हा आजार त्यांच्याकडे तोवर आलाही नव्हता.

२००९ चा विषय निघालाच आहे तर ती माझी जखम आहे. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला पहिला. त्यानंतर पंधरा दिवस शहर बंद पडल्यासारखं होतं. शाळा, थिएटरं, मॉल बंद, तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयाबाहेर लांबच लांब रांग. साधी सर्दी झालेली मुलं आणि खरोखर आजारी माणसं त्याच रांगेत एकमेकांना खेटून उभी होती. मी रोज रात्री दहाला आकडे घ्यायचो आणि पहिल्या पानावर चौकट जायची: आजचे मृत्यू, एकूण मृत्यू, एकूण रुग्ण. आज ती चौकट बघवत नाही. शाळेत अपूर्णांक शिकवतात, वर अंश आणि खाली छेद. त्या चौकटीत नुसते अंश होते. किती जणांची तपासणी झाली, किती बरे होऊन घरी गेले, मरण पावलेल्यांना दवाखान्यात यायला किती दिवस उशीर झाला होता, यातलं काहीच नव्हतं. तपासण्या वाढल्या की आकडा चढायचा आणि आम्ही लिहायचो ‘प्रकोप वाढला’. सौम्य रुग्णांची तपासणी नको असं धोरण ठरलं, आकडा उतरला, आणि आम्ही लिहिलं ‘दिलासा’.

त्या दिवसांत जीव वाचवणारी एक बातमी होती. गरोदर बाईला ताप आणि धाप असेल तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता पहिल्या दोन दिवसांत औषध सुरू करा. गरोदर बायका या आजारात जास्त दगावतात हे तेव्हा डॉक्टरांना कळलं होतं. ती माहिती माझ्याकडेही होती. ती आतल्या पानावर, ‘काय काळजी घ्याल’ नावाच्या चौकटीत, सातव्या क्रमांकावर गेली. हात धुवा पहिल्या क्रमांकावर होतं.

आणि पुढचं वर्ष? केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २००९ मध्ये देशात या आजाराचे २७ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि ९८१ मृत्यू झाले. २०१० मध्ये रुग्ण घटून २० हजारांच्या आसपास आले, मृत्यू मात्र १,७६३ झाले. जवळपास दुप्पट. २०१० मधला तसा एखादा मथळा तुम्हाला आठवतो? मला माझा स्वतःचा आठवत नाही, आणि मी त्याच बीटवर होतो. संध्याकाळच्या बैठकीत ‘यात नवीन काय’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात जुनी आठवण सुरतेची. सप्टेंबर १९९४. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून प्लेगची बातमी आली, मग सुरतेतून फुफ्फुसाच्या प्लेगची. जळगावात माझं नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सुरतेत खानदेशातली माणसं मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे भुसावळकडे येणाऱ्या गाड्या भरून वाहू लागल्या. टेट्रासायक्लिन बाजारातून नाहीसं झालं. मोबाइल नव्हते, दूरदर्शन, रेडिओ आणि सकाळचा पेपर एवढंच. अधिकारी बोलत नव्हते, आणि जे बोलत होते ते एकमेकांच्या उलट बोलत होते. अशा वेळी पेपरात जे छापून येईल तेच खरं. आमच्या अंकात मथळा गेला, ‘सुरतहून प्लेगचे लोंढे’. बातमी मी लिहिली होती. चार दिवसांनी एक यंत्रमाग कामगार तो अंक हातात घेऊन कचेरीत आला. बायको आणि दोन मुलांसह गावी पोहोचला तर गावाने वेशीबाहेर थांबवलं होतं. चौघं जण शेतातल्या खोपटात राहत होते. कुणालाच काही झालेलं नव्हतं. तो भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं की आम्ही लोंढा आहोत हे तुम्हाला कुणी सांगितलं. देशभरात त्या साथीने पन्नासच्या आसपास माणसं गेली. सुरत सोडणारे लाखांत होते, आणि त्यांतल्या कितींना खोपटात राहावं लागलं ते कुठे नोंदलेलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाचणाऱ्याने काय करायचं.

मथळा वाचून पान उलटू नका, हे पहिलं. मथळा बहुधा बातमीदाराने दिलेला नसतो. तो रुग्णालयात किंवा त्या गावात कधीही न गेलेल्या माणसाने, घड्याळाकडे बघत दिलेला असतो. बातमीत ‘संशयित’ आहे की ‘निश्चित’ हे बघा, कारण या दोन आकड्यांत पहिल्या आठवड्यात खूप अंतर असतं आणि मोठा आकडा नेहमी संशयितांचा असतो. आकडा एका दिवसाचा आहे की सुरुवातीपासूनचा, हे तपासा. मग त्याचा छेद शोधा: कितींपैकी, किती दिवसांत, किती वस्तीत. तो नसेल तर त्या आकड्यावरून धोका मोठा की लहान हे ठरवताच येत नाही, मग तो चार असो की चारशे. माहिती कुणी दिली हे बघा. जिल्हा आरोग्य अधिकारी, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, उपचार करणारे डॉक्टर, यांतलं कुणी असेल तर ठीक. ‘सूत्रांनी सांगितलं’ एवढंच असेल तर एक दिवस थांबा. आणि ‘गूढ आजार’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तपासणीचा निकाल यायचाय इतकाच घ्या. २०२४ मध्ये गुजरातेत मुलं दगावली तेव्हा चांदीपुरा हा नवा विषाणू असल्यासारखं लिहिलं जात होतं. त्याचं नाव नागपूरजवळच्या गावावरून आलं आहे आणि तो १९६५ पासून माहीत आहे. वालुमाशी चावून तो होतो, तेव्हा घराच्या भिंतींच्या भेगा बुजवणं हा उपाय आपल्या हातातला होता.

पेपर हातात आला की खालची चौकट आधी वाचत जा, मोठी बातमी नंतर. जीबीएसच्या वेळी ‘पाणी उकळून प्या, जुलाबानंतर हातापायाला मुंग्या आल्या किंवा जिना चढता येईना तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा’ हे त्या चौकटीत होतं. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची ती एवढीच गोष्ट.

आणि एक काम वाचकांनी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा परिणाम मी डेस्कवर बसून पाहिला आहे. महिन्याभराने पेपरला विचारा. एकदा एका बाईंचं पोस्टकार्ड आलं होतं. त्यांच्या वस्तीत कावीळ झाली होती, आम्ही आठवडाभर छापलं आणि सोडून दिलं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: पाण्याचा अहवाल आला का, आणि पाइप बदलला का. संध्याकाळच्या बैठकीत ‘यात नवीन काय’ असं विचारलं गेलं तेव्हा मी ते कार्ड टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बातमीदार त्या वस्तीत गेला. पाइप बदललेला नव्हता. ती बातमी पान तीनवर, चार कॉलम गेली.